दिवस पंचेचाळीस

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
सोजरबाई गाळा झाडतात तेव्हा
सालं उडतात. मी ती गोणीत धरते.
"एवढं शिकून शेवटी फोलपटंच का गं?"
पहिल्या दिवशी विचारलं होतं त्यांनी.
आता लाल वेगळी, पांढरी वेगळी ठेवतात.

नेरूळला, तिसऱ्या मजल्यावर, मी सालं उकळते.
जिन्यापर्यंत वास.
शेजारची लॅब दार लावून घेते.
काचेवर ओतलेला पापुद्रा रात्रभर सुकतो,
सकाळी नखाने सोडवायचा,
श्वास रोखून.
सतरा वेळा फाटला.

अठरावा पुरला कुंडीत.
बाजूच्या कुंडीत, तुलनेसाठी,
दुधाच्या पिशवीचा तुकडा.

आज उकरलं.
पिशवीवरची तारीख अजून वाचता येते.
माझ्या कुंडीत नुसती माती
आणि एक गांडूळ, घाईत असलेलं.
चाळली, पुन्हा चाळली.
नोंदवहीत, उरलेल्या वजनाच्या रकान्यात
शून्य लिहिलं
आणि उगाच दोनदा गिरवलं.

संध्याकाळी गोणी घ्यायला गेले, तर
न राहवून सांगितलं सगळं.
झाडू न थांबवता सोजरबाई म्हणाल्या,
"काहीच उरलं नाही म्हणतेस,
मग दाखवणार काय लोकांना?"