नोंदवही, पितळखोरा

उतरताना पायऱ्या मोजल्या नाहीत,
चढताना मोजणार होते,
दम लागला, आकडा हरवला.

वर सुभान तडवीनं वही पुढं केली.
नाव, गाव, अभिप्राय.
माझ्याआधी अकरा दिवस कोणीच नाही,
तरी पान कोरं नव्हतं.
त्याच्याच तिरक्या अक्षरात:

सोमवार. वानरं, सत्तावीस. गाव इथलंच.
मंगळवार. धुकं. दुपारी गेलं.
गुरुवार. मोर एक. दगडी हत्तींपुढं
बराच वेळ उभा. नाचला नाही.

'आणि बुधवारी?'
'बाजार असतो,' तो म्हणाला.

मी नाव लिहिलं. गाव परभणी.
अभिप्रायाशी पेन अडलं.
तेवढ्यात खाली दरीत
काहीतरी खाकरलं, एकदाच.

सुभाननं माझ्या हातातून पेन घेतलं,
माझ्या नावाखाली वेळ टाकली:
पाच दहा.
पुढची जागा मोकळी ठेवली.