बोटाचं पेर

रीगा. फेब्रुवारी. दुपारचे चार
आणि अंधार पडूनही गेलेला.
तळघरातल्या बारमध्ये मी, आणि हीटरची कुरकुर.
दाउगावा गोठलीय, तशी गिऱ्हाइकंही.

मालकाला नवं कॉकटेल हवंय उन्हाळ्यातल्या पर्यटकांसाठी,
फोटोत उठून दिसणारं.
सकाळपासून मी काळा बाल्सम नासवतोय:
आधी लिंबू, मग अननस,
मग, कुणाला सांगू नका, नारळाचं दूध.
बाल्सम बधत नाही.
झार आले, गेले, झेंडे बदलले,
हा आपला कडूच.
मुळ्या, साली, मोहोर, मध;
चोवीस जिन्नस म्हणतात, मोजायला कोण गेलंय.
पोटदुखीवर घोटभर, पडशावर घोटभर,
आणि नाव नसलेल्या दुखण्यावर
थोडा जास्त.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची वेल्टा ग्राउडिन्या
बुटांवरचा बर्फ झटकत खाली आली.
मातीची तपकिरी बाटली तिनं उचलली.
कानाशी नेली नाही
(डावा कान कधीच गेला, उजवा उधारीवर),
मधल्या बोटाच्या पेरानं वाजवली फक्त.
"चांगली भाजलीय."

एकतीस वर्षं तिनं हेच केलं.
पट्ट्यावरून बाटल्या यायच्या,
ही एकेकीला टिचकी मारायची.
खणखणली तर पुढे,
बद्द वाजली तर टोपलीत.
त्या यंत्रांच्या गदारोळात ऐकू कसं यायचं?
"बोटाला येतं."

"आणि फुटक्यांचं काय व्हायचं?"
"फुटक्या नाही रे. चीर गेलेल्या.
डोळ्याला दिसत नाही, पण पाझरतात.
एक घरी नेली होती, पाणी भरून खिडकीत ठेवली.
बर्फ वितळेपर्यंत रिकामी.
लाइमोनिस म्हणाला, ही आपल्यातलीच."
हसली की खोकली, कळलं नाही.

मग म्हणाली, "सरक."
ब्लॅककरंटचा रस पातेल्यात,
उकळू द्यायचा नाही, नुसती वाफ धरेपर्यंत.
मध मी पुढे केला. "त्यात आहे की."
बाल्सम सगळ्यात शेवटी, पेल्याच्या कडेनं,
झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं
इतक्या हळू.
नारळाच्या दुधाचा डबा दिसला तिला.
"हे कुणासाठी?"
"पर्यटकांसाठी."
"त्यांना खोकला नसतो?"

प्यायलो.
आधी गोड, मग आंबट,
मग जिभेच्या मुळाशी
जुन्या औषधाच्या दुकानाचं दार उघडलं
आणि बराच वेळ कुणी लावलं नाही.

मालकाला फोटो पाठवला.
"काळ्या पेल्यात काळं. दिसत काहीच नाही,"
त्याचं उत्तर.

रात्री बार बंद करताना
फळीवरच्या बाटल्यांना टिचक्या मारत गेलो.
सातवी बद्द वाजली.
का माझंच बोट गारठलं होतं?
तिला पुढे आणून ठेवलीय, दिव्याखाली.
उद्या पहिल्यांदा हिच्यातलं ओतायचं.