टेबलाखाली

पुण्याहून आलेल्या बाईंनी बजावलं,
तीन दिवस काहीही सुचवायचं नाही.
नुसतं बसायचं, बघायचं.
मी खुर्ची घेऊन शेडमध्ये बसलो,
वेंगुर्ल्याच्या या काजू कारखान्यात
सोळा वर्षं काढून, पहिल्यांदा.

वर ऑफिसात भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या :
तुकडा का वाढतो? नवं यंत्र? बोनस?
खाऱ्या हवेनं रात्रीत गोंद सुटायचा,
आणि सकाळी लुईस केरसुणीनं
आमचे प्रश्न कोपऱ्यात लोटायचा.

खाली खटक, खटक.
एका हातात बी, दुसऱ्यात दांडा, पायानं पेडल.
राख चोळूनही काळी पडलेली बोटं.
पहिल्या दिवशी मला फक्त हात दिसले.
दुसऱ्या दिवशी पेन पडलं,
वाकलो,
तर टेबलाखाली चालू होतं एक वेगळंच खातं.

रुक्मा आरोंदेकरच्या पेडलवर
तुटक्या चपलेची टाच, तारेनं आवळलेली.
जुझेफिनच्या पायाशी फणसाचं फळकूट.
कुणी सोडणं ठेचून उशी केलेली.
अकरा यंत्रं, अकरा तऱ्हा.
ज्याच्या मापानं पेडल ओतलं
तो उंच माणूस
या शेडमध्ये कधी बसलाच नव्हता.

"हे कधी केलंत?"
"झील पोटात होतो, तेवा."
झील आता मडगावला ट्रक चालवतो.
"मग सांगितलं का नाही?"
रुक्माने बी फोडली. गर अख्खा.
"इचारल्यान कोणी?"

आम्ही पुठ्ठ्याचं पेडल केलं, वरखाली होणारं.
टरफलाच्या तेलानं ते दुपारपर्यंत खाल्लं.
सगळ्या हसल्या. बाईही हसल्या,
वहीत काहीतरी लिहून घेतलं.
दुसऱ्या दिवशी रुक्मानेच आणली
सायकलची ट्यूब, दोन खिट्ट्या,
आणि मला म्हणाली,
"बस हंय. तुझो पाय बघूंदे."
बसलो. माझ्या पहिल्या बीचा चुरा झाला.

शनिवारी हेड ऑफिसचा फॉर्म आला :
कल्पना कोणाची, विभाग, कर्मचारी क्रमांक.
रुक्मा रोजंदारीवर. तिला क्रमांक नाही.
रकाना रिकामा ठेवला
तर कॉम्प्युटर पुढे जाऊ देत नाही.
बाई म्हणाल्या, तुमचा टाका, तात्पुरता.

साडेपाच वाजून गेले.
खिडकीखाली नळावर बायका पाय धुतायत.
एकेकीची टाच
मला आता वरूनही ओळखता येते.