सफरचंदांत पडणे

पहिल्याच आठवड्यात ओदील म्हणाली,
काल जिनेत सफरचंदांत पडली.
दुसऱ्या दिवशी मी कुताइसीहून आणलेलं
मुक्या माराचं मलम घेऊन गेले.
कुठे लागलं? विचारलं.
जिनेत म्हणाली, कुठेच नाही.
मग सफरचंदांना लागलं असेल, मी म्हटलं,
आणि सगळी बाग हसली,
गुडघ्यांवर बसून फळं वेचणारी सगळी नॉर्मन बाग.

शेवटी ओदीलने बादली उपडी घातली, तिच्यावर बसली,
डोळे पांढरे केले, मान टाकली:
तोंबे दाँ ले पॉम. हे असं.
म्हणजे भोवळ. घेरी. शुद्ध हरपणं.
सफरचंदांचा काही संबंध नाही.
मग ती वाक्यात कशाला?
तिने खांदे उडवले.
इथे खांदे उडवणं हेही व्याकरणच.

मग नियम आले, बादलीमागे एक.
'दाँ' म्हणायचं, 'स्युर' नाही;
सफरचंदांवर पडलीस तर नुसती घसरलीस.
उन्हाने, उपाशीपोटी, सुई बघून,
बहिणीच्या लग्नात घट्ट झग्याने: चालेल.
डॉक्टरसमोर नको,
त्याच्यासाठी इस्त्री केलेला शब्द वेगळा आहे.
आणि जो पडला तो पडलाच, त्याच्याबद्दल तर कधीच नाही.
थोडक्यात, लामारा,
माणूस उठून बसला पाहिजे
आणि त्याला कॉफी दिलेली पाहिजे.

रात्री कॅरव्हॅनमध्ये, ओल्या मोज्यांच्या वासात,
मी रूपं चालवायचे:
मी सफरचंदांत पडते, तू पडतोस,
आपण सगळे पडतो.
किटली शिट्टी द्यायची.

ऑक्टोबरात लेओंस पडला.
वय शहात्तर, हातात फांद्या झोडायची काठी,
ट्रॉलीच्या कडेवर चढला होता, मना करूनही.
फोन माझ्याकडेच होता. पंधरा नंबर.
बाई, आमचा लेओंस सफरचंदांत पडला!
शुद्धीवर आहे का?
आहे, शिव्या देतोय.
मग सफरचंदांत पडलेला नाही, मादाम.
पडलाय, मादाम. कमरेपर्यंत.
पलीकडे शांतता.
मग तिने फोनवर हात ठेवला असावा,
तरी बोटांमधून हसू गळत होतं.
मनगट मोडलं होतं. अँब्युलन्स आली.
प्लास्टरवर नातवाने सफरचंद काढलं,
बाकीच्यांनी सह्या केल्या,
मी माझ्या लिपीत केली; त्याला ती नक्षी वाटली.

आणि नोव्हेंबरात, थंडीत, न्याहारी न करता,
मी गुडघ्यांवरून झटकन उठले
आणि बागेचा दिवा कुणीतरी मालवला.

डोळे उघडले तेव्हा वर ओदील,
मागे जिनेत, मागे गळ्यात हात बांधलेला लेओंस,
आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच आतुरता:
म्हणेल आता. आता तरी बरोबर म्हणेल.
पाठीखाली गवत होतं, एकही फळ नव्हतं,
वाक्य अगदी जमून आलं होतं.
पण तोंडात घरचं आलं.
आमच्याकडे माणूस कशातच पडत नाही,
त्याचं काळीज निघून जातं.
तेच मी फ्रेंचमध्ये शब्दाला शब्द लावून म्हटलं:
माझं काळीज निघून गेलं.

ओदील जवळ सरकली, आवाज खाली:
कुणाकडे?

ते निस्तरायला पुरा आठवडा गेला.
ट्रॅक्टरवाल्या ब्रिसला उगाच
माझ्या शेजारी जेवायला बसवलं.

मोसम संपता संपता
रस काढायच्या यंत्राच्या दुरुस्तीचं बिल आलं.
ओदीलने चष्मा लावला, काढला,
खोक्यावर बसली, छातीला हात लावला:
माझं काळीज निघून गेलं.

चूक. बिलासाठी आम्ही तसं म्हणत नाही.
का नाही? तिने विचारलं.
मी खांदे उडवले.