सातवीण

रात्री सव्वातीनला तिचं बसणं ऐकू येतं.
खोकला नाही, शिट्टीही नाही अजून,
फक्त पलंगाच्या कडेला शाल्मली,
कोपरं गुडघ्यांवर, मान पुढे,
जमिनीवर काही सांडलंय आणि ती ते शोधतेय अशी.

दिवा लावत नाही. पंप कुठे आहे ते हाताला ठाऊक.
हलवायचा. स्पेसरचा मास्क नाकातोंडावर.
एक दाब.
झडप टिक करते,
परत टिक,
दहा होईपर्यंत मी तिच्या गळ्याखालची खळी बघतो,
मोबाइलच्या उजेडात चहाच्या चमच्याएवढी,
आत जाते, येते, आत जाते.

खिडक्या पाचलाच लावलेल्या, फटींना ओली फडकी.
भाऊबीजेला आलेली ताई म्हणाली,
घर आहे की लोणच्याची बरणी?
तरी वास येतोच. गोड, जड,
पाथर्डी रोडवरून दुसऱ्या मजल्यापर्यंत
जिना चढून आल्यासारखा.

ती झाडं मी लावलीत.
एकेचाळीस. उद्यान विभागात नवीन होतो.
साहेब म्हणाले, सप्तपर्णी लावा, भराभर वाढते,
गुरं तोंड लावत नाहीत.
तीन बाय तीनचे खड्डे, शेणखत, पिंजरे,
उन्हाळाभर टँकरच्या मागे पाइप धरून मी.
त्याच वर्षी हिचं बारसं.
नाव झाडाचंच हवं, मी हटून बसलो.
काटेसावर म्हटलं असतं तर पाहुणे हसले असते,
म्हणून शाल्मली.

पंपाची सवय लागते म्हणे, खालचे काळोखे सांगतात.
लागू दे.
श्वासाचीही लागलीच आहे तिला.

बागुल मॅडम म्हणाल्या, झाडच, असं नक्की नाही सांगता येत.
गाजरगवत असेल, गादीतली धूळ, फटाके,
समोरचं बांधकाम, थंडी. टेस्ट करता येईल.
टेस्टचा आकडा सांगितला.
मी तो वहीत लिहिला आणि वही मिटली.

सोमवारी टेबलावर अर्ज आला.
सदर वृक्ष तोडण्यात यावेत. त्रेसष्ट सह्या.
सातवी कुंदाची,
माझ्या घरातली, माझ्याच पेनाने केलेली.
वर शेरा: जागेवर पाहणी करून अभिप्राय द्यावा.

गेलो पाहणीला, रुमाल बांधून.
काय पाहायचं असतं?
खोड सरळ. कीड नाही. हिरवट पांढरे घोस,
खाली पडलेला चुरा झाडणारी बाई शिंकत होती.
एका झुबक्यात पानं मोजली: सात.
दुसऱ्यात सहा. तिसऱ्यात आठ.
नावाप्रमाणे वागायचं असतं
हे झाडाला कोणी कळवलेलं नव्हतं.
तेविसाव्याच्या बुंध्यात जुन्या पिंजऱ्याची तार
रुतून बसलीय. ती काढायची राहून गेली माझ्याकडून.
चिमटा नव्हता. नखांनी ओढून पाहिली.

कुंदाशी यावर बोललो नाही.
तीही नाही. ती पाणी गरम करून आणते,
मी दुसरा दाब देतो, ती पाठ चोळते.
आमचं भांडण असं,
मध्ये एक मूल ताठ बसवलेलं.

शाळेच्या रिक्षातून ही झाडं मोजते.
ज्याची फुलं संपली त्याची
कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाखाली, एक रेघ.
मास्क लावून, काचेला नाक लावून,
ड्युटी असल्यासारखी.

"आज..." म्हणते, आणि थांबते.
झडप टिक करते.
"...सहा."
बोलू नको, मी म्हणतो.
तिच्या बोलण्यातली अंतरं मोजायला
मॅडमनी शिकवलंय मला. वाक्य तुटतं कुठे, ते बघा.
तीनपेक्षा कमी शब्द, तर रिक्षा काढा, सिव्हिल गाठा.

किल्ली खिशात आहे. कुंदाने चप्पल घातलीय.

रस्त्यावर कोणाचा तरी ट्रक रिव्हर्स घेतो.
बाहेर, दिव्याखाली, ती उभी,
एकेचाळीस, तीन माणसं उंच,
वारा नसताना हलणारी.

मग खांदे जरा खाली येतात.
खळी भरते, चमचाभर.

"पप्पा, पस्तीस राहिली अजून,"
ती म्हणते.
चार शब्द. एका दमात.

कुंदा चप्पल काढते.
चार वाजून पाच.
अर्ज पिशवीत तसाच,
अभिप्राय, आणि त्यापुढे दोन टिंबं.