पाच किंवा अधिक

आदल्या रात्री मला पाठवतात,
शिडी, पाण्याची नळी, चिंच आणि नारळाच्या शेंड्या देऊन.
उद्या बारा जानेवारी.
गड्ड्यातले पाळणे इथपर्यंत कुरकुरतात
आणि चारही पुतळ्यांच्या कानांत
कबुतरांनी वर्षभराचं काय काय सांगून ठेवलेलं.

आधी जुने हार काढतो.
फुलं कधीच गळालेली, उरलाय तो दोरा.
गिरण्यांच्या गावचा दोरा, हातानं तुटत नाही.
ब्लेड लावताना मी अंगठा मध्ये घालतो,
मानेला लागू नये म्हणून.
मुकादम हसतो : धातू हाय बे, रगत येतंय का काय?
मी बोलत नाही.
एका मानेच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी,
घडवणाऱ्याच्या बोटाचा ठसा राहून गेलाय.
तिथे ब्रश हळू फिरवतो.

बुच्चम्मा विड्या मोजून देऊन येते,
रिक्षा मिळेपर्यंत चौथऱ्याला टेकते.
तिच्या आज्याला मार्शल लॉत फटके बसले
पांढरी टोपी घातली म्हणून.
त्याचा पुतळा नाही. टोपीसुद्धा नाही,
ती आजीनं रातोरात चुलीत घातली.
"राख बी पांढरीच निघाली की," बुच्चम्मा म्हणते,
आणि तंबाखूचे हात पदराला पुसते.

यंदा चौथऱ्यावर नवा कागद आहे.
जमावबंदी. पाच किंवा अधिक इसमांनी
एकत्र येण्यास मनाई. खाली शिक्का, अजून ओला.
मुकादम सांगून गेला :
चौथरा घास, कागद भिजवू नकोस.
आता हे पाण्याला कोण सांगणार?
वरून सोडलं की ते चौघांच्या खांद्यांवरून उतरतं,
नावांच्या अक्षरांत जरा रेंगाळतं
आणि मग जायचं तिकडंच जातं.

शिडी लावून वर चढलो.
चौघं उभे होतेच.
मी मोजत नव्हतो, देवाशपथ,
पण फौजदार चावडीकडून आलेला कोवळा शिपाई
खालून बोट हलवत मोजत होता.
एकदा. पुन्हा एकदा.
रिक्षा आली, थांबली, बुच्चम्मा चढली नाही.
पिशवी काखेत धरून तिनं वर पाहिलं.
"आरू," म्हणाली, तिच्या तेलुगूत. सहा.

शिपायानं टोपी काढली, डोकं खाजवलं,
थंडी लई पडलीय म्हणाला, आणि पाळण्यांकडे बघत राहिला.

कागदाचा एक कोपरा सुटला होता.
मी तो दाबला नाही.