चारची बैठक

तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडं, उद्यमबागेत,
सांतानच्या बंद पडलेल्या पॅटर्न शॉपमध्ये
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही जमतो.
दारावर पाटी नाही.
कलमेश्वर घरी भजनाला जातो म्हणून सांगायचा,
एकदा खरंच टाळ घेऊन आला.
ते अजून इथंच आहेत, खिळ्याला.

भिंतीलगत सोळा बरण्या.
जांबोटीची बोंडं, मे महिन्यातली.
जांभळं, ज्यांनी सांतानची फरशी कायमची रंगवली.
आणि बासमतीच्या कण्यांची एक,
जी लावली कुणी ते कुणीच कबूल करत नाही.
नळीतून बुडबुडा येतो, गुळुक.
मग बराच वेळ काही नाही.
मग कोपऱ्यातनं दुसरी उत्तर देते.

पहिला घोट रोझालीनबाईंचा.
त्या डोळे मिटतात,
आम्ही त्यांच्या भुवया बघत बसतो
निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसं.
"व्हिनेगर," एवढंच म्हणतात कधी,
आणि कुणाच्या तरी सहा महिन्यांचं
लोणचं होतं.

भरमाण्णा पीत नव्हते.
जन्मात थेंब नाही.
बँकेतून रिटायर झाले,
उसने गेलेले चारशे रुपये मागायला आले एका शनिवारी,
आणि आमचा हिशेब बघून त्यांना राहवेना.
पुढं नऊ वर्षं वही त्यांच्याकडं.
बरणीवर वाकायचे, नाक लांबच ठेवून,
"उद्या उतरवा. परवा उशीर होईल."
चुकले नाहीत कधी.
रताळ्याची लावली तेव्हा मात्र
हातभर अंतरावरनं नोंद केली
आणि घरी जाऊन आंघोळ केली म्हणे.

दिवस मावळायच्या आत त्यांना जेवायचं असे,
म्हणून बैठक चारला.
भर उन्हात पितात काय मर्दा, सांतान कुरकुरायचा.
पण उन्हात रंग दिसतो,
खिडकीशी बाटली धरली की गाळ लपत नाही,
हेही त्यांचंच.
पावणेसहाला डबा उघडायचे, भाकरी, शेंगाचटणी,
आणि आमचे ग्लास आपोआप खाली जायचे.
सांगितलं नव्हतं कुणी.

दिवाळीनंतर मुलानं त्यांना हुबळीला नेलं.
वही इथं राहिली.

उघडली तर अक्षरं सगळी कन्नड.
शाळा कन्नड होती की त्यांची, सदलग्याची.
सांतान कन्नडमधनं भांडतो झकास, वाचता येत नाही.
मला बसच्या पाटीपुरतं.
शिवलीला गदगची, फाउंड्रीत नवी,
तिला वाचता येतं, पण मराठी चहा मागण्यापुरती.
तिनंच सुरू केलं, एकेक अक्षर उचलत,
"गू-ळ जा-स्त झा-ला.
रो-झा-ली-न-ला सां-गू न-ये."
काय वाचलं, तिला पत्ता नाही.
रोझालीनबाईंना लागला.
नऊ वर्षांपूर्वीचा गूळ,
आणि सांतान असा लाल झाला
की जांभळाची बरणी फिकी.

तेव्हापासून वही दोघांनी वाचायची,
एकाचे डोळे, एकाचे कान.
पाक तिच्यात थोडे, माणसं जास्त.
पान सत्तावीसला,
"कलमेश्वर आज गप्प. विचारलं नाही. तापमान चोवीस."
कलमेश्वर उठला,
टाळ काढून शर्टानं पुसत बसला.
आम्हीही विचारलं नाही.

बैठक अजून चारलाच.
पावणेसहाला हात थांबतात,
"याके?" शिवलीला विचारते,
सांतान सांगायला तोंड उघडतो,
दोन भाषांत अडकतो, शेंगा पुढं करतो.

काल नोंद तिनं केली.
कानाला आलं तसं, वळणदार, भराभर.
आम्ही वाकून बघितलं. काय कळतंय!
वाच की, म्हटलं.
"भ-र-मा-ण्णा ना-ही-त.
वा-स चां-ग-ला. ता-प-मा-न ते-वी-स."

"चोवीस आहे," रोझालीनबाई म्हणाल्या,
चष्मा शोधत.